‘आहे त्यात समाधान माना’ असं आता सांगू नका
(सोलापूरच्या डॉक्टरांना खुले पत्र)

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील सर्व सन्माननीय डॉक्टरांस,



हे पत्र एका वाक्याबद्दल आहे. अंगावरून वारं गेलेल्या माणसाला घेऊन आम्ही नातेवाईक फेरतपासणीला येतो, तेव्हा आपल्यापैकी अनेकजण ते म्हणतात. ‘सहा महिन्यांत जे यायचं ते येतं. आता आहे त्यात समाधान माना.’ माझ्या अम्माच्या बाबतीत हे मी स्वतः ऐकलं. पुढे शहराच्या पूर्व भागात ज्या ज्या ओळखीच्या घरी लकव्याचा पेशंट आहे, तिथं विचारत गेले. डॉक्टर वेगळे, दवाखाने वेगळे, वाक्य मात्र जवळपास तेच. म्हणून कुणा एकाकडे तक्रार न करता हे सगळ्यांनाच लिहिते आहे.

आधी आपलं ऋण मान्य करते. अम्मा आज जिवंत आहे ती आपल्या व्यवसायामुळे. पहाटे उठून आलेला डॉक्टर, ताबडतोब झालेलं सीटी स्कॅन, वेळेत दिलेलं गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, हे आम्ही विसरलेलो नाही. त्या इंजेक्शनला साडेचार तासांची मर्यादा असते आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटला की दर मिनिटाला सुमारे १९ लाख पेशी मरतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुम्हाला होतं, म्हणून तुम्ही धावलात. त्या पहिल्या काही तासांत तुम्ही मेंदूसाठी जितकी घाई करता, त्याच्या थोड्या अंशानं तरी आस्था पुढच्या काही वर्षांसाठी ठेवावी, एवढंच मागायला हे पत्र आहे.

मी मराठी शाळेत शिकवते. घरी आम्ही तेलुगू बोलतो. अम्मानं जन्मभर विड्या वळल्या आणि त्या मजुरीवर आम्ही भावंडं शिकलो. काही वर्षांपूर्वी तिच्या मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली. उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं, तिन्ही एका पहाटे गेलं.

‘समाधान माना’ हे वाक्य घरात काय करतं, ते तुम्हाला दिसत नाही, कारण तोपर्यंत आम्ही तुमच्या खोलीतून बाहेर पडलेलो असतो. डॉक्टरांचं बोलणं आमच्या घरांत गोळ्यांच्या चिठ्ठीइतकंच काटेकोर पाळलं जातं. फिजिओथेरपिस्टकडे जाणं बंद होतं, कारण डॉक्टरच म्हणाले ना, मग रिक्षाचे पैसे कशाला. सून घास भरवू लागते, कारण सासूनं डाव्या हातानं सांडत बसण्यापेक्षा ते लवकर होतं. उजवा हात पदराखाली जातो आणि तिथंच राहतो. मग बोटं आखडतात, खांदा दुखायला लागतो, हात लावला तरी ती ओरडते. पुढच्या तपासणीला तुम्ही तो हात बघता आणि म्हणता, बघा, मी म्हणालो नव्हतो का?

पण तो हात तसा का झाला? १९९६ साली रँडॉल्फ नुडो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ नियतकालिकात माकडांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. मेंदूतल्या हाताच्या भागाला छोटी इजा झालेल्या माकडांना काहीच सराव दिला नाही, तर इजेच्या शेजारचा, धडधाकट उरलेला भागही हाताचं काम सोडून देत गेला. ज्या माकडांना खळग्यांतून खाण्याचे कण काढायचा सराव रोज दिला, त्यांच्यात तो शेजारचा भाग टिकला आणि काहींत हाताची जागा आजूबाजूला पसरलीही. म्हणजे मेंदूच्या झटक्यानं जे गेलं त्यापेक्षा जास्त, नंतरच्या न वापरण्यानं जाऊ शकतं. एडवर्ड टाउब यांनी ह्याच गोष्टीवर आयुष्यभर काम केलं. सुरुवातीला हात हलवायला जावं आणि हलू नये, असं पुन्हा पुन्हा झालं की माणूस तो न हलवायला शिकतो. पुढे थोडी ताकद परत आली तरी शिकलेली ती सवय सुटत नाही. मेंदू अनुभवानं बदलतो हे एकदा मान्य केलं, तर पदराखाली ठेवलेला हात हासुद्धा एक अनुभव आहे आणि मेंदू त्यातूनही शिकतोच, हे मान्य करावं लागतं.

सहा महिन्यांची मर्यादा कुठून आली, हे मी समजून घेण्याचा प्रयत्न केला. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा सगळ्यांत वेगानं होते, हे खरं आहे. त्या काळात सूज उतरते, अर्धवट बंद पडलेले भाग जागे होतात. पुढे वेग मंदावतो. पण वेग मंदावणं वेगळं आणि वाट संपणं वेगळं. अमेरिकेत सात केंद्रांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, झटका येऊन तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. त्यांतल्या एका गटाच्या चांगल्या हातावर दिवसातला बराच वेळ मोजा चढवला आणि दुबळ्या हाताकडून दोन आठवडे कसून काम करून घेतलं. त्यांच्या हाताच्या वापरात झालेली सुधारणा वर्षभरानंतरही टिकून होती. लंडनच्या क्वीन स्क्वेअर रुग्णालयातल्या निक वॉर्ड यांच्या विभागानं २०१९ मध्ये २२४ रुग्णांचा अनुभव मांडला. त्यांतल्या निम्म्यांना झटका येऊन दीड वर्षाहून जास्त काळ लोटला होता. तीन आठवड्यांत एकूण ९० तास हाताचं काम करून घेतल्यावर त्यांचे हात सुधारले आणि सहा महिन्यांनी तपासले तेव्हाही सुधारलेलेच होते. त्या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता आणि आधीच्या चाचणीत मनगट-बोटं थोडी तरी हलवू शकणारेच रुग्ण घेतले होते, हेही मी वाचलं आहे. तरीसुद्धा सहा महिन्यांनंतर दार बंद असतं, हे विधान त्या आकड्यांपुढे उभं राहत नाही.

पेद्रो बाख-ई-रिटा यांची गोष्ट आपल्यापैकी काहींना माहीत असेल. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात शिकवणारे हे गृहस्थ साठी ओलांडल्यावर, १९५० च्या दशकाच्या अखेरीस, झटका येऊन अर्ध्या अंगानं लुळे झाले. वाचाही गेली. त्यांचा मुलगा जॉर्ज तेव्हा वैद्यकीचा विद्यार्थी होता. बरं होण्याची आशा फारशी नाही असं ऐकल्यावर त्यानं वडिलांना घरी नेलं आणि लहान मुलाप्रमाणे आधी रांगायला, मग उभं राहायला शिकवलं. दुबळ्या हातानं भांडी घासायला लावली. पेद्रो पुन्हा कॉलेजात शिकवू लागले. पुढे काही वर्षांनी कोलंबियात डोंगर चढताना त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात दिसलं की मेंदू आणि मज्जारज्जू यांना जोडणाऱ्या भागातली इजा जशीच्या तशी होती, आणि ती फार मोठी होती. मागावर तुटलेला धागा सांधतात, तसं काही तिथं झालंच नव्हतं. उरलेल्या थोड्या तंतूंनी गेलेल्यांचं काम उचललं होतं. दुसरा मुलगा पॉल डॉक्टर होता. तो अहवाल पाहून त्यानं आपल्या कामाची दिशा बदलली आणि मेंदूच्या लवचिकतेच्या अभ्यासातलं एक मोठं नाव झाला.

पेद्रो हा अपवाद होता, हे मला कळतं. सगळ्यांचे हात परत येत नाहीत. मोठ्या इजेनंतर काही गोष्टी कितीही केलं तरी येत नाहीत आणि खोटी आशा दाखवणाऱ्यांचा सोलापुरात तुटवडा नाही. अम्माचंच सांगते. ती पुन्हा विड्या वळू शकली नाही आणि वळणार नाही. पण तुमच्या सहा महिन्यांनंतर बऱ्याच काळानं ती उजव्या हातानं ताटाची कड धरू लागली, ब्लाउजची बटणं लावू लागली, नळाखाली कळशी सरकवू लागली. संडासला जाताना दुसऱ्याचा हात लागत नाही. तपासणीच्या कागदावर हे फार नसेल. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ह्यानं सगळं बदललं. मी खोटी आशा मागत नाही. ‘आता सुधारणा हळू होईल, पण हात वापरत राहिलात तर होऊ शकते आणि सोडून दिलात तर आहे तेही जाईल,’ हे वाक्य सांगायला आधीच्या वाक्याइतकाच वेळ लागतो, आणि ते खरं आहे.

तुम्ही दार लावलंत की लोक दुसरीकडे जातात, हेही ध्यानात घ्या. पांढऱ्या कबुतराच्या रक्तानं मालिश करणारे, अमक्या गावी जाऊन झाडपाला पाजणारे, मंतरलेला दोरा बांधणारे. त्यांच्याकडे जाणाऱ्यांना आपण अडाणी म्हणतो. पण ते लोक एक गोष्ट देतात, जी तुमच्याकडून मिळाली नाही. ते ‘परत या’ असं म्हणतात.

आता व्यायामाबद्दल. डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांची नावं असतात, मिलिग्रॅम असतात, सकाळ-दुपार-रात्रीची खूण असते. त्याखाली एका ओळीत ‘फिजिओथेरपी’ किंवा ‘थोडा व्यायाम’. कसला, किती वेळा, कुणाकडून, किती दिवस? रक्तदाबाची गोळी कुणी ‘थोडी’ लिहून देत नाही. मेंदूत बदल घडवायचा तर मात्रा लागते. माकडांच्या प्रयोगांत दिवसाला शेकडो वेळा तीच हालचाल करून घेतली होती. माणसांच्या बाबतीत काय होतं, हे अमेरिका आणि कॅनडातल्या केंद्रांवर मोजलं गेलं. २००९ च्या त्या निरीक्षणात एका सत्रात हाताच्या कामाच्या हालचाली सरासरी ३२ भरल्या. तिथं ३२, तर आमच्याकडे मान डोलावून ‘करा हं व्यायाम’ म्हटल्यावर किती होत असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

आणि कशाचा सराव, हेही महत्त्वाचं. जवळपास प्रत्येकाच्या हातात तो स्पंजचा चेंडू दिला जातो. लकव्याच्या बऱ्याच हातांची अडचण मूठ मिटण्याची नसते, ती उघडत नाही ही असते. चेंडू दाबताना माणूस मिटण्याचाच सराव करत राहतो. आमच्या सुदैवानं पुढे एक तरुण फिजिओथेरपिस्ट भेटली. तिनं अम्माला विचारलं, ‘तुम्ही आधी काय करायच्या?’ हा प्रश्न तोपर्यंत कुणीच विचारला नव्हता. दुसऱ्या दिवसापासून अम्माच्या मांडीवर सूप आलं. तंबाखू नाही, दोरा नाही, फक्त भिजवलेली तेंदूची पानं. एकेक पान उचलायचं, उलटं करायचं, दुसऱ्या बाजूला ठेवायचं. मग साचा ठेवून कात्रीनं कापायचा प्रयत्न. जिनं रोज हजाराच्या हिशेबानं विड्या वळल्या, तिला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करण्याचा कंटाळा नव्हता. चेंडू तिनं दोन दिवसांत कोपऱ्यात टाकला होता. सुपापुढे ती तासभर बसायची.

आपल्या शहरात अशी कामं किती आहेत! टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या बायका, कांड्या भरणारे हात, यंत्रमागावर तुटलेला धागा हुडकणारी बोटं, भाकरी थापणारे तळवे. ज्या हाताला जे काम जन्मभर सवयीचं आहे, त्यातूनच व्यायाम शोधायला वेगळं यंत्र लागत नाही. एक प्रश्न विचारावा लागतो, आणि पेशंटचा धंदा केसपेपरवर लिहावा लागतो. तेवढं कराल का?

पुढचा मुद्दा माझ्या सगळ्यांत जिव्हाळ्याचा आहे, म्हणून तो थोडा लांबेल.

अम्मा वॉर्डात असताना तिच्या कागदांवर नोंद झाली की रुग्ण निरर्थक शब्द उच्चारते. मी दुपारी पोचले तेव्हा ती ‘नीळ्ळु, नीळ्ळु’ म्हणत होती. ती पाणी मागत होती. तिची मराठी गुठळीनं नेली होती, तेलुगूतले काही शब्द उरले होते, आणि तपासणारी व्यक्ती मराठीत प्रश्न विचारून मराठीत उत्तराची वाट बघत होती. वॉर्डात तेलुगू समजणारे कमी नव्हते. शेजारच्या खाटेवरच्या अक्काला समजत होतं, झाडणाऱ्या मावशींना समजत होतं. त्यांना विचारलं गेलं नाही.

सोलापुरात हे घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. इथला माणूस घरात तेलुगू किंवा कन्नड, गल्लीत उर्दू, बाजारात आणि शाळेत मराठी असा दिवसभर फिरत असतो. त्याला वाचाघात झाला, म्हणजे मेंदूच्या इजेनं बोलणं गेलं, तर सगळ्या भाषा सारख्याच जातील असं नाही आणि सारख्याच क्रमानं परत येतील असंही नाही. कुणाला आईची भाषा आधी येते, कुणाला रोजच्या वापरातली. कुठली उरली आहे हे पाहिल्याशिवाय ‘बोलणं गेलं’ असं लिहिणं म्हणजे अर्धीच तपासणी. तेलुगू आणि कन्नडमध्ये वाचाघात तपासण्याच्या चाचण्या तयार झालेल्या आहेत. त्या मागवून घेणं अवघड नाही.

ह्या बहुभाषिकतेचं मोलही आपण ओळखत नाही. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत आजाराची लक्षणं सुमारे साडेचार वर्षं उशिरा दिसली, आणि कधी शाळेत न गेलेल्यांतही हा फरक होता. हा अभ्यास २०१३ चा. तीन वर्षांनी त्याच गटानं झटका आलेल्या ६०८ रुग्णांचा अभ्यास मांडला. त्यात झटक्यानंतर विचारशक्ती शाबूत राहिलेल्यांचं प्रमाण दोन किंवा अधिक भाषा बोलणाऱ्यांत ४०.५ टक्के होतं, एकच भाषा बोलणाऱ्यांत १९.६ टक्के. वाचाघाताचं प्रमाण दोन्हीकडे सारखंच होतं. म्हणजे भाषा जाण्यापासून त्यांना संरक्षण नव्हतं, पण विचार टिकवायला काहीतरी मदत झाली होती. दोन भाषांत जगणं म्हणजे रोज, प्रत्येक वाक्याला, एक दाबून दुसरी निवडणं. जन्मभराच्या त्या निवडीचा मेंदूला व्यायाम झाला असावा, असं ते संशोधक मानतात. ज्या हैदराबादी माणसांवर हे निष्कर्ष निघाले, तशीच माणसं अशोक चौकापासून अक्कलकोट रस्त्यापर्यंत आमच्या घराघरांत आहेत. ह्या विषयावर सोलापुरात अभ्यास का होऊ नये? आपल्याकडे डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अहिल्यादेवी होळकरांच्या नावाचं विद्यापीठ आहे, चार भाषा बोलणारे रुग्ण आहेत. मी संशोधक नाही, पण एका शिक्षिकेला ही संधी दिसते, तर तुम्हाला नक्कीच दिसत असेल.

भाषा शिकायला आता वेळ कुठला, असं एका डॉक्टरांनी मला सहज म्हटलं. त्यांना उलट उत्तर देण्याचा माझा हेतू नव्हता, पण मनात आपल्याच गावचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आले. १९३८ मध्ये ते चीनला गेले तेव्हा सत्तावीस वर्षांचे होते आणि त्यांना चिनी येत नव्हतं. युद्ध चालू होतं, शस्त्रक्रियांना उसंत नव्हती. तरी ते चिनी शिकले, रुग्णांशी त्याच भाषेत बोलले, पुढे तिथल्या वैद्यकीच्या विद्यार्थ्यांना त्याच भाषेत शिकवलं. वयाच्या बत्तिसाव्या वर्षी ते गेले. त्यांचं स्मारक आपण जपलं आहे. त्यांच्या गावच्या डॉक्टरांना ‘पाणी हवं का’, ‘दुखतंय का’, ‘हात वर करा’, ‘भीती वाटते का’ एवढी वीस-पंचवीस वाक्यं तेलुगूत आणि कन्नडमध्ये येणं ही फार मोठी मागणी नाही.

‘वय झालं’ हेही असंच एक वाक्य. साठीच्या बाईला काय शिकवायचं, असा त्याचा अर्थ. शंभर वर्षांपूर्वी मोठमोठे शास्त्रज्ञही मानत होते की प्रौढ माणसाच्या मेंदूची जडणघडण पक्की होऊन जाते. ते मत कधीच मागे पडलं, पण तपासणीच्या खोल्यांत अजून रेंगाळतं आहे. मी शिकवण्याच्या व्यवसायातली असल्यामुळे मला लखनौजवळच्या खेड्यांतला एक अभ्यास फार मोलाचा वाटतो. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक तिशीतल्या, अक्षरओळख नसलेल्या बायकांना सहा महिने देवनागरी वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. बदल फक्त मेंदूच्या वरच्या थरात झाले नव्हते. खोलवर, ज्या भागांना आपण जन्मापासून ठरलेले समजतो, तिथंही झाले होते. तिशी म्हणजे साठी नव्हे, आणि त्या बायका आजारी नव्हत्या. पण वाढ संपलेल्या मेंदूत सहा महिन्यांच्या बाराखडीनं एवढं होतं, हे एकदा बघितल्यावर वयाचा दाखला देऊन माणसाला खाटेवर ठेवणं मला तरी पटत नाही.

घरच्यांवर सोपवण्याबद्दलही बोललं पाहिजे. ‘घरीच करून घ्या’ असं सांगितलं जातं आणि ते करणारी जवळपास प्रत्येक घरात बाई असते. सून, मुलगी किंवा बायको, जी स्वतः विड्या वळते, पाणी भरते, शाळेतली पोरं सांभाळते. कुटुंबानं केलेल्या सरावाचा किती उपयोग होतो, हे आपल्याच देशात तपासलं गेलं आहे. १४ रुग्णालयांतले १२५० रुग्ण त्या चाचणीत होते आणि निकाल २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. नातेवाइकांना थोडं प्रशिक्षण देऊन, घरी मोजक्या भेटी देऊन काम त्यांच्यावर सोपवलं, तर नेहमीच्या उपचारांपेक्षा फरक पडला नाही. सहा महिन्यांनी दोन्ही गटांत जवळपास ४७ टक्के रुग्ण दगावले होते किंवा दुसऱ्यावर अवलंबून होते. ह्याचा अर्थ सराव निरुपयोगी आहे असा मी लावत नाही. घाईघाईत शिकवलेली सून प्रशिक्षित थेरपिस्टची जागा घेऊ शकत नाही, एवढाच मी लावते. आणि केव्हा, किती करायचं हे ठरवायला तुम्हीच लागता. झटका आल्यावर पहिल्या २४ तासांतच जोरात उठवायला-चालवायला लागलं तर उलट तोटा होतो, हे २०१५ मध्ये दोन हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत दिसलं. आमच्यासारख्या उत्साही नातेवाइकांच्या हाती सगळं सोडून चालणार नाही, ते ह्यासाठीच.

म्हणून मागणी करते, की थेरपिस्ट माणसांपर्यंत न्या. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहत आहे, आता रे नगर उभं राहिलं आहे. हजारो विडी कामगार आणि यंत्रमाग कामगार कुटुंबं तिथं राहतात. तिथून लुळ्या माणसाला शहरात आणायचं म्हणजे एकाची मजुरी बुडते आणि रिक्षाला पैसे जातात. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या सोलापूर शाखेनं, वैद्यकीय महाविद्यालयानं आणि कामगार संघटनांनी मिळून अशा वसाहतींत आठवड्यातून ठरलेल्या दिवशी गटानं सराव सुरू करावा. समाजमंदिर किंवा शाळेचा वर्ग पुरेल. दहा माणसं एकत्र पानं उचलायला बसली तर एकमेकांकडे बघून जास्त करतात, हे मी वर्गात रोज बघते.

मनाबद्दल विचारा, हेही जाता जाता. झटक्यानंतर जवळपास तिघांतल्या एकाला नैराश्य येतं, हे तुम्ही पुस्तकात शिकला आहात. उदास माणूस सराव करत नाही आणि आम्ही त्याला आळशी म्हणतो. तुमचा एक प्रश्न आणि गरज असेल तर एक गोळी, ह्यानं कितीतरी हात पुन्हा हलतील.

वाचाघात झालेल्यांसाठी अजून एक गोष्ट. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वं नोंदली आहेत आणि कायमच्या वाचाघातानं येणारं वाणी-भाषेचं दिव्यांगत्व त्यात आहे. आमच्या भागात हे कुणालाच माहीत नव्हतं. प्रमाणपत्रासाठी कुठं जायचं, हे तुम्ही कार्डावर एका ओळीत लिहिलंत तर निदान लोक वाट चुकणार नाहीत.

शेवटी एक देणं आमच्याकडून. डिस्चार्जच्या वेळी द्यायचा एक साधा कागद तुम्ही तयार करा. त्यात हाताचे, पायाचे, बोलण्याचे सराव, प्रत्येक किती वेळा, कधी थांबायचं, पुढच्या तपासणीची तारीख आणि सहा महिन्यांनंतरही यायचं ही सूचना असावी. मजकूर मराठीत द्या. तेलुगू, कन्नड आणि उर्दूत तो उतरवून देण्याची जबाबदारी मी आणि माझ्या सहकारी शिक्षिका घेतो, मोबदला नको. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्रं काढायला आमचे चित्रकलेचे सर तयार आहेत. सुट्टी लागण्याआधी मजकूर मिळाला, तर जूनमध्ये चारही भाषांतले कागद तुमच्या हाती देऊ.



आपली नम्र,
एका विडी कामगाराची मुलगी
पूर्व भाग, सोलापूर